गावाच्या मातीतला इतिहास मुलांच्या हाती

(धाराशिव येथे प्राथमिक शिक्षक आणि पालक यांच्यासमोर झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



२०२३ साली आपल्या शहराला आणि जिल्ह्याला त्याचे जुने नाव अधिकृतपणे परत मिळाले. शेवटच्या निजामाच्या, मीर उस्मान अली खानाच्या, नावाची पाटी उतरली आणि धाराशिव हे नाव कचेऱ्यांवर, शाळेच्या दाखल्यांवर, एस.टी.च्या फलकांवर आले. या नावासाठी अनेकांनी वर्षानुवर्षे आग्रह धरला होता. त्यांना झालेला आनंद स्वाभाविक होता, त्यात माझाही वाटा होता. परंतु पाटी बदलणे हे शासनाचे काम. त्या पाटीमागचा अर्थ मुलांच्या मनात उतरवणे हे काम कोणत्याही राजपत्राने होत नाही. तिसरीतल्या मुलाने ‘धाराशिव म्हणजे काय हो गुरुजी?’ असे विचारले, तर या सभागृहातील किती जण त्याच्याशी पाच मिनिटे नीट बोलू शकतील? मी हात वर करायला सांगत नाही. प्रत्येकाने मनातल्या मनात उत्तर द्यावे.

अशा प्रश्नाला सामोरे जाताना आपण सहसा दोन मार्ग धरतो. एक तर ‘पुढच्या वर्षी पुस्तकात येईल’ असे म्हणून मुलाला गप्प करतो, नाहीतर ऐकीव गोष्ट इतिहास म्हणून ठणकावून सांगतो आणि मोकळे होतो. दोन्हींत नुकसान मुलाचेच आहे. आज मला आपल्यापुढे एकच गोष्ट ठेवायची आहे. मुलाची इतिहासाशी पहिली ओळख त्याच्या स्वतःच्या शिवारात व्हावी, आणि त्या ओळखीबरोबरच ‘हे कशावरून?’ असे विचारण्याची सवय त्याला लागावी. गावाचा अभिमान हवाच. पण तो उलटतपासणीत टिकणारा हवा.

आता धाराशिव या नावापासूनच आरंभ करू. शहरात धारासुरमर्दिनीचे देवस्थान आहे. धारासुर नावाच्या दैत्याचा देवीने वध केला आणि त्यावरून गावाचे नाव पडले, अशी कथा घराघरांतून सांगितली जाते. ती मुलांना अवश्य सांगावी. मात्र कथा म्हणून सांगावी. त्यानंतर मुलांना शहराबाहेर, बालाघाटच्या डोंगरकुशीतील लेण्यांत न्यावे. जाण्यापूर्वी वर्गात आणखी एक गोष्ट सांगावी. कनकामर मुनींनी सुमारे अकराव्या शतकात अपभ्रंश भाषेत ‘करकंडचरिउ’ नावाचे काव्य रचले. विदर्भातील कारंजा येथील जैन ग्रंथमालेत डॉ. हिरालाल जैन यांनी ते १९३४ साली संपादून प्रसिद्ध केले. त्यात करकंड राजा तेरापूरजवळच्या डोंगरात येतो, तेथील लेणे आणि पार्श्वनाथांची मूर्ती पाहतो, मूर्तीच्या आसनावरील एक गाठ फोडायला लावतो आणि त्याबरोबर आतून पाण्याचा लोट उसळतो, असा प्रसंग आहे. ही गोष्ट डोक्यात घेऊन मुले लेण्यात शिरली की त्यांचे डोळे निराळेच होतात. पार्श्वनाथ कोणते हे ती फण्यांवरून ओळखतात, आणि भिंतीला हात लावून पाणी कुठे झिरपते ते शोधू लागतात. तेथे त्यांना विचारावे: काव्यातले लेणे हेच कशावरून? तेरापूर म्हणजे तेर, ते इथून वीस-पंचवीस किलोमीटरवर. मूर्ती समोर आहे. पाण्याची खूण आहे. तीन धागे जुळतात. मग हेही सांगावे की जेम्स बर्जेस यांनी ही लेणी जैन मानली, तर डॉ. म. के. ढवळीकरांनी ती आधी बौद्ध असून नंतर जैन झाली असे मत मांडले. दोन विद्वान एकाच दगडाकडे पाहून निरनिराळे निष्कर्ष काढतात, हे दहा वर्षांच्या मुलाला कळते. आपल्यालाच वाटते की त्याला कळणार नाही.

पाठ्यपुस्तकांविषयी मी तक्रारीच्या सुरात बोलणार नाही. चौथीच्या ‘शिवछत्रपती’ या पुस्तकावर महाराष्ट्राच्या पिढ्या वाढल्या. अनेक वर्षे तिसरीच्या परिसर अभ्यासाला जिल्हावार आवृत्त्या निघत आल्या, हाही चांगलाच विचार होता. पण राज्यभरासाठी लिहिलेल्या पुस्तकाची एक मर्यादा असते: मुलाला वाटू लागते की इतिहास रायगडावर घडला, प्रतापगडावर घडला, पुण्यात घडला, आमच्या गावात फक्त सोयाबीन होते. तुळजापूरचा मुलगा अफझलखानाचा धडा तोंडपाठ म्हणून दाखवतो. त्या मोहिमेच्या १६५९ सालच्या हकिकतीत आपले गाव आणि आपली भवानी आरंभीच येते, हे त्याला कोणी ठासून सांगितलेले नसते. एका इंग्रजाला मात्र ते महत्त्वाचे वाटले. फिलिप मेडोज टेलर १८५३ पासून काही वर्षे नळदुर्गला अधिकारी म्हणून राहिला होता. त्याने १८६३ साली ‘तारा’ नावाची कादंबरी लिहिली. तिची नायिका तुळजापूरची आणि पार्श्वभूमी अफझलखानाच्या स्वारीची. टेलरची दृष्टी परक्याचीच होती, ती जशीच्या तशी घेण्याचे कारण नाही. पण लंडनमधल्या वाचकाने तुळजापूर कादंबरीतून पाहावे आणि तुळजापूरच्या मुलाने ते पाहूच नये, हे मला खटकते.

आता तेरकडे वळतो. तेथे थोडा अधिक वेळ घेणार आहे, कारण स्थानिक इतिहास मुलांकडून करवून घ्यायचा म्हणजे काय करायचे, याचा तेरइतका चांगला धडा आपल्या जिल्ह्यात दुसरा नाही.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने समुद्रमार्गांची एक पुस्तिका लिहिली. तिला आपण ‘पेरिप्लस’ म्हणतो. तिच्या कर्त्याचे नाव कोणालाच माहीत नाही. तो लिहितो की भडोच बंदरापासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे आणि पैठणपासून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचे फार मोठे नगर आहे. तेथून निरनिराळ्या प्रकारचे कापड गाड्यांतून, रस्ते नसलेल्या मुलखातून, भडोचला येते. हे तगर कोणते यावर विद्वानांत बराच काळ वाद होता. कोणी देवगिरी म्हणाले, कोणी जुन्नर, रा. गो. भांडारकरांनी धारूरचा पर्याय सुचवला. १९०१ साली जे. एफ. फ्लीट यांनी तेर हेच तगर असे प्रतिपादन केले आणि पुढे उत्खननांनी त्याला भक्कम पुष्टी दिली. कोकण आणि कोल्हापूरचे शिलाहार राजे शतकांनंतरही स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवून घेत. राज्य समुद्रकाठी, आणि मिरवायचे ते तेरणाकाठच्या गावाचे नाव!

एवढे फळ्यावर सांगून झाले की मुलांना नकाशा, पट्टी आणि दोरा द्यावा. पैठण ते तेर सरळ रेषेत मोजायला सांगावे. सुमारे दीडशे किलोमीटर भरते. दहा दिवस, म्हणजे दिवसाला पंधरा. भडोच ते पैठण मोजावे. सुमारे साडेतीनशे. वीस दिवस, म्हणजे दिवसाला सतरा-अठरा. दोन्हींचा वेग जवळजवळ सारखाच! वाटेची वळणे धरली तर दिवसाला वीस किलोमीटरच्या आसपास जाईल. मग मुलांनी घरी जाऊन आजोबांना विचारावे: भरलेली बैलगाडी दिवसभरात किती कोस जायची? आजोबांच्या उत्तराशी पेरिप्लसच्या कर्त्याचा हिशेब जुळतो की नाही, हे मूल स्वतः ताडून पाहते, आणि दोन हजार वर्षांपूर्वीचा तो परदेशी माणूस थापा मारत नव्हता हे त्याला स्वतःच्या गणिताने पटते. यात आणखी एक गंमत आहे. नकाशा पाहणारी एखादी चुणचुणीत मुलगी हमखास म्हणते, ‘तेर पैठणच्या पूर्वेला नाही, आग्नेयेला आहे.’ तिला शाबासकी द्यावी. ऐकलेल्या माहितीवर लिहिणाऱ्याची दिशा थोडी चुकते आणि अंतर बरोबर येते, असे का होत असेल, यावर अर्धा तास वर्ग चालतो. एकही पैसा खर्च न होता भूगोल, गणित आणि इतिहास या तिन्ही विषयांचा तास होतो.

मग प्रत्यक्ष तेर. तेथे त्रिविक्रमाचे विटांचे मंदिर आहे. गजपृष्ठाकार, म्हणजे मागून हत्तीच्या पाठीसारखे गोल. महाराष्ट्रात आजही उभ्या असलेल्या अतिप्राचीन वास्तूंपैकी ते एक. उत्तरेश्वराचे मंदिरही विटांचेच. तेरच्या जुन्या विटा इतक्या हलक्या की पाण्यावर तरंगतात, असे मुलांनी ऐकलेले असते. ऐकून सोडू नये. शाळेच्या आवारात चिखलाच्या चार विटा कराव्यात. दोन साध्या, दोन तूस मिसळून. गावातल्या वीटभट्टीवर त्या भाजून घ्याव्यात. तूस जळून जाते, त्याच्या जागी पोकळ्या राहतात, वीट हलकी होते. आपली वीट तरंगेल न तरंगेल. पण वजन करून फरक किती पडला हे मुले वहीत लिहितील. पूर्वजांच्या कौशल्याविषयी तासभर व्याख्यान देण्यापेक्षा असली एक भट्टी अधिक शिकवते, असा माझा अनुभव आहे.

तेर हे संत गोरोबाकाकांचे गाव. सर्व संतांची डोकी थापटीने वाजवून कोण कच्चे, कोण पक्के हे त्यांनी पाहिले आणि नामदेवांना कच्चे ठरवले, ही कथा महाराष्ट्रात माहीत नाही असा माणूस विरळा. पण मडके वाजवून खरोखर काय कळते, हे किती मुलांना ठाऊक आहे? गावात चाक चालवणारा कुंभार असेल तर त्याच्याकडे एक सकाळ घालवावी. कच्च्या मडक्याचा आवाज आणि भाजलेल्याचा आवाज मुलांनी कानांनी ऐकावा. मग ती कथा त्यांना निराळी कळेल. शेतात सापडणाऱ्या खापरांकडेही ती निराळ्या नजरेने पाहू लागतील. खापर हा पुरातत्त्वाचा अर्धा जीव आहे.

येथे मला एका माणसाचे नाव आदराने घ्यावयाचे आहे. रामलिंगप्पा लामतुरे. हे तेरचे गृहस्थ पुरातत्त्व खात्यातले नव्हते. पांढरीच्या मातीतून आणि पावसाने उघड्या पडलेल्या उतारांवरून मिळणारे मणी, मृण्मय मूर्ती, नाणी, शंखाच्या बांगड्या त्यांनी आयुष्यभर जमवल्या, जपल्या आणि तो हजारो वस्तूंचा संग्रह शासनाच्या स्वाधीन केला. तेरचे शासकीय वस्तुसंग्रहालय आज त्यांच्याच नावाने उभे आहे. त्यात एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे. इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या इटलीतील पाँपेई शहरात १९३८ साली तशाच घडणीची भारतीय हस्तिदंती मूर्ती सापडली. पाँपेईची मूर्ती जगभरच्या पुस्तकांत छापली जाते. तिची बहीण आपल्या तेरमध्ये आहे, आणि आपल्या शाळांच्या सहली तिच्या दारावरून पुढे निघून जातात. इतिहासाचार्य राजवाडे कागदपत्रांसाठी गावोगाव हिंडले, दप्तरांतले जुने कागद त्यांनी वाचवले. लामतुऱ्यांनी एका गावात राहून तेच व्रत मातीच्या वस्तूंपुरते चालवले. मुलांना आदर्श सांगायचाच तर असा सांगावा.

मात्र एक नियम पहिल्या दिवशी घालून द्यावा. आज एखादी प्राचीन वस्तू दिसली तर ती मुलांनी खिशात घालायची नाही. जागेची नोंद करावी, चित्र काढावे, शिक्षकांना आणि त्यांच्यामार्फत पुरातत्त्व विभागाला कळवावे. १९७२ चा पुरावस्तूंविषयीचा कायदा आहे म्हणून तर हे करायचेच. पण खरे कारण असे की जागेवरून उचललेली वस्तू अर्धी मुकी होते. ती कोणत्या थरात, कशाशेजारी होती, हे पुन्हा कधीही कळत नाही.

तेरनंतर नळदुर्ग. सहली तेथे जातातच, प्रश्न काय पाहून येतात हा आहे. बोरी नदीवर धरण बांधून त्या धरणाच्या भिंतीतच महाल काढला आहे, तो पाणीमहाल १६१३ चा, आदिलशाहीतला. पावसाळ्यात नर आणि मादी हे दोन धबधबे कोसळत असतात आणि आत उभ्या माणसाच्या अंगावर थेंब पडत नाही. सांडव्यांची जागा तीच का, भिंतीची जाडी तेवढी का, पाणी वाढले तर दाब कुठे पडेल, हे मुलांनी रेखाटून पाहावे. बांधवून घेणारा सुलतान होता म्हणून त्या विद्येकडे पाठ फिरवण्याचे कारण मला दिसत नाही. पाणी अडवण्याचे ते ज्ञान आता या दुष्काळी भूमीची ठेव आहे. नळदुर्ग आणि अणदूर ही दोन गावे खंडोबाची एकच मूर्ती वाटून घेतात. देव वर्षाचा बराच काळ अणदूरला आणि पावणेदोन महिने नळदुर्गला असतो, आणि दोन्हीकडचे मानकरी ठरल्याप्रमाणे तो नेतात-आणतात. गावांनी करार कसे पाळायचे याचा एवढा जिवंत पाठ नागरिकशास्त्राच्या पुस्तकात मिळणार नाही.

आणि याच नळदुर्गावर आपल्या सर्वांचे एक ऋण आहे, ज्याची फेड दूरच, नोंदसुद्धा मुलांकडे नसते. १३ सप्टेंबर १९४८ च्या पहाटे भारतीय सेना सोलापूरकडून निजामाच्या हद्दीत शिरली. पहिली झुंज नळदुर्गाच्या परिसरात झाली आणि बोरी नदीवरचा पूल शत्रूने उडवण्यापूर्वी सेनेने तो सुस्थितीत ताब्यात घेतला. त्याच दिवशी त्याच परिसरात शीख रेजिमेंटच्या दुसऱ्या पलटणीतील हवालदार बचित्तरसिंग धारातीर्थी पडले. मांडीत गोळ्या शिरल्यावरही ते सरपटत पुढे गेले आणि शत्रूच्या मशीनगनवर त्यांनी हातबॉम्ब टाकले. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आले. या सन्मानाच्या अगदी पहिल्या मानकऱ्यांत त्यांचे नाव आहे. पंजाबातल्या लोपो गावचा एक शेतकऱ्याचा पोर मराठवाड्याच्या मुक्तीसाठी आपल्या दारात मरण पावला. १७ सप्टेंबरला आपण झेंडावंदन करतो, भाषणे करतो. त्या भाषणांत बचित्तरसिंगांचे नाव मी फारच क्वचित ऐकले आहे. मुलांना नदीकाठी उभे करून विचारावे, की पूल उडाला असता तर रणगाडे कसे गेले असते? जळकोट, उमरगा ही नावे नकाशावर दाखवून त्याच दिवशी सेना कुठवर पोहोचली ते सांगावे. धड्यातल्या दोन ओळींना मग माती चिकटते.

पण सेना येईपर्यंतचे रणही विसरून चालणार नाही. त्याची एक जागा लोहारा तालुक्यात आहे, आणि ती एक शाळा आहे! हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा १९२१ साली निघाली. निजामी राज्यात, जेथे सभेलाही परवानगी लागे, एका आडगावी खेड्यात राष्ट्रीय शिक्षणाची शाळा. व्यंकटेश खेडगीकर नावाचे तरुण शिक्षक तेथे मुख्याध्यापक म्हणून आले. १९३२ साली त्यांनी संन्यास घेतला आणि ते स्वामी रामानंद तीर्थ झाले. पुढे हैदराबादचा सारा मुक्तिलढा त्यांनी चालवला. समोर बसलेल्या शिक्षकांना मी एवढेच म्हणेन, की पगाराची शाश्वती नसलेल्या शाळेतून एका मास्तराने निजामाच्या सिंहासनाला हात घातला, आणि ती शाळा आपल्या जिल्ह्यात होती.

या लढ्याच्या आठवणी गोळा करण्याचे काम मात्र उद्यावर टाकू नका. १९४८ साली दहा वर्षांचे असलेले मूल आज नव्वदीच्या उंबरठ्यावर आहे. रझाकारांच्या भीतीने रात्री गाव सोडून बार्शी-सोलापूरकडे गेलेली माणसे, धान्य पेवात लपवून घराला कुलूप लावणारी माणसे, आता एकेक करून जात आहेत. सातवी-आठवीच्या मुलांना जोडीने त्यांच्याकडे पाठवावे. आज घराघरात मोबाईल आहे, आवाज टिपून घेता येतो. प्रश्न मोठे विचारू नयेत. ‘स्वातंत्र्यलढ्याबद्दल सांगा’ म्हटले की म्हातारा माणूस भाषण देतो. ‘त्या रात्री तुम्ही कुठे झोपला होता? बरोबर काय घेतले? गुरांचे काय केले?’ असे विचारले की इतिहास बोलू लागतो.

आणि हे विचारताना एकाच आळीत जाऊ नये. रझाकारांचे अत्याचार सत्य आहेत, ते झाकण्याचे काहीच कारण नाही. हेही सत्य आहे की रझाकारांविरुद्ध निर्भयपणे लिहिणारे ‘इमरोज’ पत्राचे संपादक शोएबुल्ला खान यांचा ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत खून पाडण्यात आला. आणि कारवाईनंतरच्या दिवसांत आपल्याकडच्या निरपराध मुसलमान कुटुंबांनीही पुष्कळ सोसले. केंद्र सरकारने पाठवलेल्या सुंदरलाल समितीने ज्या जिल्ह्यांत परिस्थिती विशेष वाईट असल्याचे नोंदवले, त्यांत आपला जिल्हा होता. हे मी येथे मुद्दाम बोलतो. मुलाला अर्धी गोष्ट दिली आणि मोठेपणी उरलेली अर्धी त्याला दुसऱ्या कोणी सांगितली, तर तो आपल्या पहिल्या अर्ध्यावरचाही विश्वास गमावून बसतो.

उमरगा-लोहारा भागातील शिक्षकांसाठी आणखी एक काम आहे, आणि ते तितकेच तातडीचे आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात सास्तूर आणि आसपासची गावे कोसळली. लातूर आणि आपला जिल्हा मिळून दहा हजारांच्या जवळपास माणसे गेली. गावे नव्या जागी, सरळ रस्त्यांवर वसली. गावाचे नाव तेच राहिले, पण गल्ल्यांची, वाड्यांची, चावडीची, बारवेची नावे मागे राहिली. नव्या गावातील मुलांनी आजी-आजोबांना मध्ये बसवून जुन्या गावाचा नकाशा काढावा: वेस कुठे होती, मारुती कुठे, आड कुठे, कोणाच्या शेजारी कोण. हे करताना आजीचे डोळे भरून येतील. त्या वेळी लेखणी खाली ठेवावी. दोन आजोबांचे नकाशे जुळणार नाहीत. तेही वहीत तसेच यावे.

परंड्याविषयी आज विस्ताराने बोलत नाही. विजापूरला सहलीतून गेलेली मुले मुलूखमैदान तोफेजवळ उभी राहून छायाचित्र काढतात. ती तोफ १६३२ साली परंड्याहून तेथे गेली, एवढे तरी परंड्याच्या मुलांना ठाऊक असावे, म्हणजे झाले. तसेच तुळजापूरचे. दसऱ्याला देवीसाठी बुऱ्हाणनगरची पालखी आणि घोडेगावचा पलंग येतो. त्या वाटेवरची गावे, तेथले मान, ते मान सांभाळणारे समाज यांची यादी मुलांनी केली, तर ‘समाज एकत्र कसा राहिला’ या प्रश्नाचे उत्तर त्यांना निबंधाविना मिळेल.

आता पुस्तकांविषयी. आपल्या जिल्ह्याचे शासकीय गॅझेटियर १९७२ साली निघाले, ते इंग्रजीत आहे. त्या वेळी लातूरही आपल्याच जिल्ह्यात होते. अनंत भालेरावांचा ‘हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा’ हा ग्रंथ आहे, निलंग्यात जन्मलेल्या सेतुमाधवराव पगडींचे ‘जीवनसेतू’ आहे. ही पुस्तके शाळेच्या कपाटात असावीत आणि शिक्षकांनी वाचावीत. पण दहा वर्षांच्या मुलाने हाती घ्यावे असे त्याच्या गावाचे पुस्तक कोणता प्रकाशक छापणार? ते शाळेलाच करावे लागेल. हस्तलिखिताची जुनी प्रथा आपल्याकडे होती, वार्षिक परीक्षेच्या धांदलीत ती गेली. ती या कामासाठी पुन्हा सुरू करावी. प्रत्येक शाळेची एक जाड वही. पहिल्या पानावर गावाचे नाव आणि त्याविषयीच्या जितक्या कथा मिळतील तितक्या. पुढे नकाशा, वीरगळ व सतीशिळांची चित्रे, आडनावे, बलुतेदारांची घरे, जुन्या विहिरी, आठवणी. प्रत्येक नोंदीखाली ‘कोणी सांगितले’ किंवा ‘कुठे पाहिले’ ही ओळ सक्तीची. ती ओळ नसेल तर नोंद कच्ची. गोरोबाकाकांची थापटी येथे वापरावी. दरवर्षी नवी तुकडी त्याच वहीत भर घालील आणि आधीच्या मुलांच्या चुका शोधील. मुलांना ते फार आवडते.

शिवजयंतीला मुलाला दाढी-मिशी चिकटवून आणि प्लॅस्टिकची तलवार देऊन मंचावर उभे करण्याला माझा विरोध नाही. आईवडिलांना कौतुक वाटते, त्याला चार टाळ्या मिळतात. फक्त त्या तीन मिनिटांना आपण इतिहासशिक्षण समजू नये. तीच गोष्ट प्रश्नमंजूषेची. सन पाठ असलेला मुलगा बक्षीस नेतो, आणि आपल्या वेशीतल्या वीरगळावर कोणते प्रसंग कोरले आहेत हे पाहिलेली मुलगी मागे राहते.

वेळ नाही, अभ्यासक्रम पुरा होत नाही, असे आपण म्हणाल. ते खोटे नाही. म्हणून मी वर्षाला चारच दिवस मागतो. लेण्यांचा एक, तेरचा एक, सप्टेंबरात नळदुर्गचा एक आणि चौथा आपल्या स्वतःच्या गावाचा. ज्या शाळांना सहलीचा खर्च परवडत नाही त्यांनी चौथ्या दिवसापासून आरंभ करावा, त्याला भाडे लागत नाही. दोन शाळांनी मिळून गाडी केली तर तेर आणि लेणी एका दिवसातही होतात, पण मुले दमतात आणि दुसऱ्या जागी काही पाहत नाहीत. शक्यतो वेगळे ठेवावे. तेरच्या संग्रहालयात जाण्याआधी ते कोणत्या दिवशी बंद असते याची चौकशी करून घ्यावी, आणि साठ मुले एकदम आत नेऊ नयेत. पंधरा-पंधराचे गट करावेत, उरलेल्यांना तोवर त्रिविक्रमाच्या मंदिराचे चित्र काढायला बसवावे. नळदुर्गला पाणी वाहत असताना जात असाल तर पाणीमहालाच्या पायऱ्या निसरड्या असतात, तेव्हा दर दहा मुलांमागे एक मोठा माणूस हवा. वहीचा एक नमुना दाराजवळच्या टेबलावर ठेवला आहे, तो जाताना पाहून जावा.